सुपरकारच्या मर्यादित आवृत्त्या : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या अंकासाठी सर्व प्रश्न एकाच विषयावरचे निवडले आहेत. मोजक्याच संख्येने काढल्या जाणाऱ्या सुपरकारविषयी, म्हणजेच त्यांच्या मर्यादित आवृत्त्यांविषयी, वाचकांच्या मनात जितके कुतूहल आहे तितकीच नाराजीही आहे, असे आलेल्या पत्रांवरून दिसते. मिळतेजुळते प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : फेरारी, लॅम्बोर्गिनी, मॅक्लारेन यांच्यापैकी कोणती ना कोणती कंपनी सतत ‘जगात फक्त इतक्याच’ असे सांगून नवी गाडी जाहीर करत असते. पूर्वी अशी गाडी बऱ्याच वर्षांतून एकदा येत असे, असे वाचले आहे. मर्यादित आवृत्त्यांचा खरोखरच अतिरेक झाला आहे, की आम्हालाच तसे वाटते? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्याला जे जाणवते ते खरे आहे आणि ते आकड्यांनी दाखवता येते. फेरारीने १९८४ मध्ये २८८ जीटीओ आणली, १९८७ मध्ये एफ४०, १९९५ मध्ये एफ५०, २००२ मध्ये एन्झो आणि २०१३ मध्ये लाफेरारी. सुमारे तीस वर्षांत या पाच गाड्या झाल्या आणि लाफेरारीची उघड्या छताची ‘अपेर्ता’ धरूनही त्यांची एकूण संख्या तीन हजारांच्या आसपासच भरते. आता २०१८ पासूनचा हिशेब पाहा. मोंझा एसपी१ आणि एसपी२ मिळून ४९९, ८१२ कोम्पेतित्सिओने ९९९ आणि तिचीच उघडी आवृत्ती ५९९, डेटोना एसपी३ ५९९, एसएफ९० एक्सएक्स बंद छताची ७९९ आणि उघडी ५९९, शिवाय २०२४ मध्ये जाहीर झालेली एफ८० ७९९. अवघ्या सहा-सात वर्षांत जाहीर झालेल्या या गाड्यांची बेरीज जवळपास ४,९०० होते. आधीच्या काळातही ५५० बार्केट्टा किंवा ५९९ जीटीओ अशा काही मर्यादित गाड्या निघाल्या होत्या, हे लक्षात घेतले तरी वेग किती वाढला आहे ते लपत नाही.

मात्र संख्या वाढली एवढ्यावरून मी त्याला अतिरेक म्हणणार नाही. फेरारीने २०२४ मध्ये १३,७५२ गाड्या ग्राहकांना दिल्या. एफ८० च्या ७९९ गाड्या तीन वर्षांत विभागल्या, तर एकूण विक्रीत त्यांचा वाटा वर्षाला दोन टक्क्यांच्या आतच राहतो. माझा आक्षेप वेगळ्या गोष्टीवर आहे. एखादी गाडी मर्यादित का आहे, या प्रश्नाचे उत्तर ती बांधणाऱ्या अभियंत्यांकडे असले पाहिजे. ते उत्तर केवळ विक्री विभागाकडे असेल, तर ती आवृत्ती निघाली नसती तरी मोटारीच्या इतिहासात काही उणे राहिले नसते.

२८८ जीटीओचेच पाहा. ‘ग्रुप बी’ या शर्यतीच्या वर्गात गाडी उतरवायची, तर तशा किमान २०० गाड्या बांधलेल्या असणे नियमाने आवश्यक होते, म्हणून ती गाडी जन्माला आली आणि अखेर २७२ झाल्या. मॅक्लारेनच्या ‘एफ१’ या रस्त्यावरच्या गाडीच्या, शर्यतीसाठी बांधलेल्या धरून, एकूण १०६ झाल्या; कार्बन फायबरचा संपूर्ण सांगाडा असलेली रस्त्यावरची गाडी त्या काळी कोणी बांधलेली नव्हती आणि तो सांगाडा हाताने तयार करण्यात अतोनात वेळ जात असे. आजच्या एफ८० लाही मी याच बाजूला ठेवतो. तिचे सहा सिलिंडरचे व्ही६ इंजिन ज्या ४९९पी या शर्यतीच्या गाडीशी नाते सांगते, तिने २०२३ पासून लागोपाठ तीन वर्षे ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली आहे. इतक्या मोठ्या किमतीच्या गाडीत बारा सिलिंडर नाहीत म्हणून अनेक चाहते नाराज झाले. मला मात्र कंपनीने शर्यतीतले काम प्रामाणिकपणे रस्त्यावर आणले, हेच अधिक मोलाचे वाटते.

याउलट लॅम्बोर्गिनीची गेल्या दोन दशकांतली वाटचाल पाहावी. २००७ मध्ये रेव्हेंतोन आली. तिच्या २० गाड्या ग्राहकांसाठी होत्या, प्रत्येकीची किंमत करांशिवाय दहा लाख युरो होती, आणि नव्या पत्र्याखाली यंत्रणा मात्र मुर्सिएलागोचीच होती. हा प्रयोग फळला आणि मग त्याची सवयच लागली. २०११ मध्ये आलेल्या आव्हेंटाडोरच्या पायावर व्हेनेनो, सेंतेनारियो, सियान आणि काउंटाश एलपीआय ८००-४ अशा गाड्या एकामागून एक उभ्या राहिल्या. व्हेनेनोच्या विक्रीच्या तीनच गाड्या होत्या, उघड्या छताच्या नऊ. सियानच्या ६३ आणि उघड्या छताच्या १९. काउंटाशच्या ११२. यांतल्या सियानला मी दाद देतो, कारण तिच्यात बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर, म्हणजे वीज झटपट साठवणारे आणि सोडणारे साधन, वापरून विजेची मोटर चालवली होती आणि ते खरोखर नवे होते. पण दोनच वर्षांनी तीच यंत्रणा नव्या कवचात घालून तिला काउंटाश हे थोर नाव दिले गेले, तेव्हा मूळ काउंटाशचे रेखाटन करणाऱ्या मार्चेल्लो गांदिनी यांनी या गाडीशी आपला काहीही संबंध नसल्याचे जाहीरपणे सांगितले. भूतकाळाची नक्कल करणे हे आपल्या विचाराच्या विरुद्ध आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९७१ मध्ये ज्या माणसाने जगाला पाचरीसारख्या आकाराची गाडी दाखवली, त्याला पन्नास वर्षांनंतर असे निवेदन काढावे लागावे, याचे मला आजही वाईट वाटते. आव्हेंटाडोरची जागा घेणाऱ्या रेव्हुएल्तोच्या पायावर २०२५ मध्ये फेनोमेनो ही २९ गाड्यांची आवृत्ती आली, म्हणजे तोच क्रम पुढच्या पिढीतही सुरू झाला आहे.

मॅक्लारेनची गोष्ट निराळी आहे आणि अधिक शिकवणारी आहे. या कंपनीने २०१८ मध्ये अशी योजना जाहीर केली की २०२५ पर्यंत १८ नव्या गाड्या किंवा उपआवृत्त्या बाजारात आणायच्या. सेना ५००, स्पीडटेल १०६, ६२०आर ३५०, ७६५एलटी ७६५ आणि तिची उघडी आवृत्ती पुन्हा ७६५, असा ओघ सुरू झाला. एका गाडीची ओळख पटते न पटते तोच दुसरी समोर येत होती. पुढची काच नसलेली एल्व्हा ३९९ काढायचे ठरले होते. ती संख्या आधी २४९ आणि मग १४९ वर आणावी लागली. जी गाडी दुर्मीळ म्हणून विकायची, तिची संख्या निम्म्याहूनही खाली आणावी लागणे याचा अर्थ एकच होतो, तो म्हणजे तेवढे ग्राहक नव्हते. महामारीचा फटका होताच, हे नाकारता येत नाही. त्याच काळात मॅक्लारेन समूहाला १,२०० नोकऱ्या कमी कराव्या लागल्या आणि इंग्लंडमधील वोकिंग येथील आपले देखणे मुख्यालय विकून भाड्याने घ्यावे लागले. तरीही त्याच बाजारात इतरांच्या गाड्यांना रांगा लागत होत्या, हे विसरता कामा नये.

तेव्हा आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, होय, अतिरेक झाला आहे. लॅम्बोर्गिनी आणि मॅक्लारेन यांच्या बाबतीत तो उघड आहे आणि फेरारी त्याच्या उंबरठ्यावर आहे.

प्रश्न : कंपनीने जाहीर केलेली संख्या खरोखर पाळली जाते का? आमच्या मित्रमंडळात यावरून वाद झाला. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : कधी पाळली जाते, कधी नाही, आणि मोडली जाते तेव्हाही प्रत्येक वेळी ती फसवणूक असतेच असे नाही.

सर्वांत जुने आणि सुंदर उदाहरण पोर्शेचे आहे. १९७२ मध्ये ९११ कॅरेरा आरएस २.७ च्या ५०० गाड्या काढायच्या होत्या, तेवढ्या शर्यतीच्या नियमाला पुरेशा होत्या आणि तेवढ्यासुद्धा खपतील की नाही अशी शंका कंपनीत होती. प्रत्यक्षात १,५८० गाड्या झाल्या. फेरारीची एफ४० सुमारे ४०० व्हायची होती, ती १,३११ झाली. या दोन्ही गाड्यांचा मान आज तसूभरही कमी झालेला नाही, कारण त्यांची थोरवी संख्येवर उभी नव्हतीच. पुढे फेरारीने मात्र धडा घेतला. बाजारात जितकी मागणी असेल त्यापेक्षा एक गाडी कमी विकावी, असे कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी यांच्या नावावर सांगितले जाते, आणि एफ५० च्या वेळी ते शब्दशः पाळून ३४९ हा आकडा ठरवला गेला. लाफेरारीच्या ४९९ गाड्यांवर आणखी एक निघाली, ती मध्य इटलीतल्या भूकंपग्रस्तांसाठी २०१६ च्या लिलावात ७० लाख डॉलरला गेली. एन्झोची ४०० वी गाडी पोप जॉन पॉल दुसरे यांना भेट दिली गेली आणि तिच्या लिलावातून आलेली रक्कम त्सुनामीग्रस्तांसाठी वापरली गेली. अशा एका जादा गाडीला कोणी आक्षेप घेऊ नये.

मला खटकतात ती उदाहरणे दुसरी आहेत. फोर्डने २०१७ च्या जीटीच्या सुरुवातीला ५०० गाड्या ठरवल्या, त्यांसाठी ६,५०६ जणांचे अर्ज आले, मग उत्पादन दोन वर्षांनी वाढवले गेले आणि त्यानंतर आणखी वाढवून अखेरचा आकडा १,३५० वर नेला. ॲस्टन मार्टिनची व्हॅलहॅला २०१९ मध्ये ५०० होती, नंतर ती ९९९ झाली. स्वीडनच्या कोनिगसेगने सीसी८५० च्या ५० गाड्या जाहीर केल्या आणि मागणी पाहून त्या ७० केल्या. वीस गाड्यांनी जगात काही बिघडत नाही, हे खरे; पण पन्नासपैकी एक म्हणून ज्याने नाव नोंदवले, त्याला दिलेल्या शब्दाची किंमत कंपनीने एकतर्फी बदलली.

याहून मोठी पळवाट अशी की संख्या जशीच्या तशी ठेवायची आणि भावंडे वाढवायची. आव्हेंटाडोर एसव्हीजे ९०० होती, उघड्या छताची ८००, त्याखेरीज ‘६३’ या नावाच्या दोन्ही प्रकारांत आणखी ६३-६३. कागदावर प्रत्येक आकडा पाळला गेला, आणि तरीही आपल्याकडे काहीतरी विरळा आहे असे पहिल्या ग्राहकाला वाटावे, इतके विरळ त्यात काही उरले नाही. इटलीतल्या पगानी कंपनीच्या झोंडाची जागा हुआयराने २०११ मध्ये घेतली, तरी खास गिऱ्हाइकांसाठी झोंडा निघतच राहिल्या आणि एचपी बार्केट्टा ही तीन गाड्यांची आवृत्ती २०१७ मध्ये अवतरली. या बाबतीत मला बुगाटीची रीत इतरांपेक्षा बरी वाटते. व्हेरॉनच्या एकूण ४५० आणि शिरॉनच्या ५०० गाड्या असे आकडे त्यांनी ठरवले आणि बहुतेक खास आवृत्त्या त्या आकड्याच्या आतच बसवल्या. अर्थात दिव्हो आणि चेंतोदिएची अशा वेगळ्या कवचाच्या गाड्या त्यांनीही बाहेर काढल्याच.

शब्द पाळण्यासाठी कंपनीला किती खटाटोप करावा लागतो, याचेही एक उदाहरण सांगतो. मार्च २०२२ मध्ये ‘फेलिसिटी एस’ हे गाड्या वाहून नेणारे जहाज आग लागून अझोर्स बेटांजवळ बुडाले. त्यात आव्हेंटाडोरच्या अखेरच्या ‘अल्टिमे’ आवृत्तीच्या १५ गाड्या होत्या. आव्हेंटाडोरचे उत्पादन तेव्हा संपत आले होते, तरी ग्राहकांना ठरलेली गाडी मिळावी म्हणून लॅम्बोर्गिनीने त्या पुन्हा बांधायला घेतल्या. वर त्यांच्यावर टीका केली, म्हणून ही गोष्ट आवर्जून नोंदवतो.

प्रश्न : कंपन्या हे का करतात? निव्वळ नफेखोरी म्हणायची का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : नफा हे कारण आहेच, परंतु त्यामागचा हिशेब समजून घेतला तर रागाची जागा थोडी बदलते.

नवी सुपरकार शून्यातून उभी करायची, तर कार्बनच्या सांगाड्याचे साचे, अपघाताच्या चाचण्या, धुराच्या नियमांची मान्यता, इंजिनाचे वर्षानुवर्षांचे काम हा सगळा खर्च गाड्या शंभर निघोत वा दहा हजार, करावाच लागतो. तो खर्च आव्हेंटाडोरसारख्या गाडीने एकदा भरून काढला (तिच्या अकरा वर्षांत ११,४६५ गाड्या निघाल्या), की त्याच पायावर नवे कवच चढवणे तुलनेने स्वस्त पडते. व्हेनेनोची किंमत करांशिवाय ३० लाख युरो आणि उघड्या छताच्या गाडीची ३३ लाख युरो होती. बारा गाड्यांतून पावणेचार कोटी युरोंहून अधिक रक्कम आली. असा सौदा समोर असताना कोणताही व्यवस्थापक नाही म्हणेल, अशी अपेक्षा करणे कठीण आहे.

फेरारीच्या बाबतीत शेअर बाजाराचाही विचार करावा लागतो. फेरारीचे तेव्हाचे अध्यक्ष लुका दी मोंतेझेमोलो यांनी २०१३ मध्ये वर्षाला सात हजारांहून कमी गाड्या विकण्याचे धोरण जाहीर केले होते. पुढच्याच वर्षी ते पायउतार झाले, त्यांच्या जागी सेर्जिओ मार्किओन्ने आले आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये कंपनीचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात विकायला आले. त्या वर्षी ७,६६४ गाड्या गेल्या होत्या; २०२४ पर्यंत तो आकडा जवळजवळ ऐंशी टक्क्यांनी वाढला. भागधारकांना दरवर्षी वाढ हवी असते, पण फेरारी गल्लोगल्ली दिसू लागली तर तिची ओढ संपते. म्हणून गाड्यांची संख्या हळूहळू वाढवायची आणि प्रत्येक गाडीमागची कमाई वेगाने वाढवायची, हा मार्ग निवडला गेला. मर्यादित आवृत्ती हे त्या मार्गाचे मुख्य साधन आहे.

यात सर्वांत कमी बोलली जाणारी बाब म्हणजे वाटप. अशा गाड्या दुकानात मांडलेल्या नसतात. त्या जाहीर होण्याआधीच कंपनीच्या जुन्या ग्राहकांना दाखवल्या जातात आणि आधी किती गाड्या घेतल्या, त्या किती काळ ठेवल्या, यावरून पुढची गाडी कोणाला द्यायची ते ठरते. त्यामुळे मर्यादित गाडी स्वतः तर विकली जातेच, पण तिच्या आशेने नेहमीच्या गाड्याही विकल्या जातात. मनापासून गाडी चालवणारा, एकच गाडी घेऊन ती वीस वर्षे जपणारा माणूस या व्यवस्थेत सर्वांत मागे राहतो. माझा खरा राग यावर आहे. आवृत्त्यांची संख्या निम्मी झाली आणि वाटपाची पद्धत अशीच राहिली, तर त्या माणसाच्या पदरात काहीही पडणार नाही.

पगानी किंवा कोनिगसेग यांना हे सगळे त्याच मापाने लावू नये. इटलीतल्या सान चेझारियो येथे पगानी वर्षाला जेमतेम चाळीस-पन्नास गाड्या बांधते. तिथली मर्यादा हातांची आणि वेळेची आहे, ती कोणी कागदावर ठरवावी लागत नाही.

प्रश्न : माझे दुबईतील एक नातेवाईक म्हणतात की मर्यादित आवृत्तीची सुपरकार म्हणजे सोने, तिची किंमत कधीच उतरत नाही. हे खरे आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. आपल्या नातेवाइकांना जग्वार एक्सजे२२० ची हकिकत अवश्य सांगावी.

१९८८ मध्ये बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात ही गाडी दाखवली गेली, तेव्हा व्ही१२ इंजिन आणि चारही चाकांना जोर देणारी यंत्रणा असेल असे सांगितले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एन्झो फेरारी यांचे निधन झाले होते आणि दुर्मीळ गाड्यांच्या किमतींना उधाण आले होते. सुमारे १,५०० जणांनी प्रत्येकी ५०,००० पौंडांचा बयाणा भरला, आणि कंपनीने जास्तीत जास्त ३५० गाड्या काढायचे ठरवले. १९९२ मध्ये गाडी हाती आली तेव्हा तिच्यात दोन टर्बो लावलेले व्ही६ इंजिन होते, जोर फक्त मागच्या चाकांना होता, आणि मूळची २,९०,००० पौंडांची किंमत महागाईच्या कलमामुळे चार लाखांच्या पुढे गेली होती. दरम्यान मंदी आली होती. सट्टा म्हणून बयाणा भरलेले अनेक जण माघार घेऊ लागले, प्रकरणे न्यायालयात गेली, आणि गाड्या सुमारे २८० वरच थांबल्या. उरलेल्या गाड्या विकताना कंपनीला बरीच वर्षे लागली आणि किंमतही निम्म्याहून खाली आणावी लागली. दुर्दैव असे की गाडी स्वतः उत्तम होती. ताशी ३४० किलोमीटरच्या पुढचा वेग तिने गाठून दाखवला होता.

अलीकडचे उदाहरण पोर्शे ९११ आर चे आहे. २०१६ मधल्या या ९९१ गाड्यांत मोठे इंजिन, हाताने बदलायचे गिअर आणि मागे पंख नाही, असा चाहत्यांना प्रिय असलेला मेळ होता. लगोलग पुनर्विक्रीत मूळ किमतीच्या कित्येक पट मागितले जाऊ लागले. पुढच्याच वर्षी पोर्शेने जवळपास तोच मेळ ९११ जीटी३ टूरिंग या नावाने संख्येचे बंधन न घालता आणला आणि ९११ आर चे फुगलेले भाव खाली आले. पोर्शेचा तो निर्णय मला फार आवडला. गाडी ज्याला चालवायची होती त्याला ती मिळाली, आणि ज्याला साठवायची होती त्याचे गणित तेवढे चुकले. २०२३ च्या ९११ एस/टी च्या वेळी तर अमेरिकेत पहिले वर्षभर गाडी भाडेकरारावरच देण्याची अट घातली गेली, म्हणजे ती लगेच विकताच येऊ नये.

भाव वाढतातही, हे खरे. पोर्शे कॅरेरा जीटीच्या १,५०० गाड्या काढायच्या होत्या, १,२७० वरच उत्पादन थांबले आणि आज तिची किंमत मूळ किमतीच्या दुपटीहून कितीतरी अधिक आहे. पण त्यासाठी बरीच वर्षे थांबावे लागले. शिवाय गाडी उभी ठेवली म्हणजे खर्च थांबतो, असे नाही. एफ४० च्या इंधनटाकीतल्या रबरी पिशव्या ठरावीक वर्षांनी बदलाव्या लागतात, गाडी चालवा अथवा न चालवा. टायर, सीलबंद जोड, पट्टे हे सारे उभ्या गाडीतही जुने होत जाते.

प्रश्न : यांतल्या गाड्या भारतात येऊ शकतात का? आपल्याकडचा कोणी या व्यवसायात आहे का? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : पहिली अडचण स्टिअरिंगची आहे. एफ४०, एफ५०, एन्झो, लाफेरारी आणि बुगाटीच्या गाड्या केवळ डाव्या बाजूच्या स्टिअरिंगच्या निघाल्या, आणि तशा गाडीची आपल्याकडे सर्वसाधारण नोंदणी होत नाही. दुसरी अडचण कराची. २०२५ च्या अर्थसंकल्पानुसार ४०,००० डॉलरपेक्षा महाग असलेल्या, पूर्ण बांधून आणलेल्या गाडीवर सीमाशुल्क आणि अधिभार मिळून ११० टक्के पडतात, त्यावर जीएसटी आणि राज्याचा कर वेगळा. तिसरी अडचण वाटपाची. लॅम्बोर्गिनीने २०२३ मध्ये जगभरात १०,११२ गाड्या विकल्या, त्यांतल्या भारतात १०३. एवढ्याशा बाजाराच्या वाट्याला २९ किंवा ६३ गाड्यांपैकी एखादी येणे अवघडच.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र होय असे आहे. पिनिनफरीना हे इटलीतले नामांकित रेखाटनगृह मुंबईच्या महिंद्रा समूहाने घेतले आणि २०१८ मध्ये ऑटोमोबिली पिनिनफरीना ही गाड्यांची कंपनी सुरू केली. तिची बॅटिस्टा ही १,९०० अश्वशक्तीची विजेवर चालणारी गाडी १५० इतकीच निघेल, असे जाहीर झाले. त्या १५० मध्येही पुन्हा ‘अनिव्हर्सारियो’ पाच, ‘नीनो फरीना’ पाच अशा आवृत्त्या आल्या, आणि २०२३ मध्ये छत नसलेल्या बी९५ च्या दहा गाड्या जाहीर झाल्या. बॅटिस्टाची विद्युत यंत्रणा ज्या क्रोएशियन रिमाच कंपनीकडून येते, तिचे संस्थापक माते रिमाच यांनी २०२४ मध्ये मोकळेपणाने सांगितले की इतक्या महागड्या गाडीच्या ग्राहकाला विजेची मोटर नको, इंजिनच हवे आहे. त्यांच्या स्वतःच्या नेव्हेरा या विजेच्या गाडीच्या १५० गाड्यांनाही पुरेसे ग्राहक मिळाले नव्हते. मराठी माणसाला जवळच्या वाटणाऱ्या उद्योगसमूहाने एवढे धाडस केले याचा मला अभिमान आहे. म्हणूनच तिथेही एका उत्तम गाडीचे बारीक तुकडे करून विकण्याची रीत आली, हे अधिक लागते.

प्रश्न : मी मोटार अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. गेल्या काही वर्षांतली कोणती मर्यादित आवृत्ती आपल्याला खऱ्या अर्थाने सार्थ वाटते? (एक वाचक, सांगली)

उत्तर : गॉर्डन मरे यांची टी.५०. मॅक्लारेन एफ१ चे जनक असलेल्या मरे यांनी २०२० मध्ये ती दाखवली. शंभर गाड्या, चालक मध्यभागी, त्याच्या दोन्ही बाजूंना प्रवासी, इंजिने बनवणाऱ्या कॉसवर्थ कंपनीने खास तिच्यासाठी बांधलेले आणि मिनिटाला १२,१०० फेऱ्यांपर्यंत जाणारे चार लिटरचे व्ही१२ इंजिन, हाताने बदलायचे सहा गिअर, आणि सगळे मिळून वजन एक हजार किलोंच्या आत. मागे ४० सेंटिमीटर व्यासाचा पंखा आहे, जो गाडीखालची हवा खेचून घेऊन तिला रस्त्याला धरून ठेवतो. आपण तिचा अभ्यास करणार असाल, तर अश्वशक्तीपेक्षा वजनाकडे अधिक लक्ष द्यावे. एकेक नट-बोल्ट वजन करून निवडला, तर गाडीच्या बाकीच्या किती गरजा आपोआप कमी होतात, हे तिच्याइतके स्पष्ट दुसरीकडे दिसणार नाही.

त्यानंतर आलेल्या टी.३३ चा सांगाडा स्वतंत्र आहे, म्हणून तिच्याविषयी माझी तक्रार नाही. २०२५ मध्ये त्याच कंपनीने एकाच ग्राहकासाठी एस१ एलएम या नावाच्या पाच गाड्या जाहीर केल्या, ज्यांचे रूप जुन्या मॅक्लारेन एफ१ च्या शर्यतविजेत्या गाडीची आठवण करून देणारे आहे. टी.५० बांधणाऱ्या हातांनी तो वेळ आणखी एका नव्या कल्पनेला द्यायला हवा होता, असे माझे मत आहे.